जर्मनी-स्वित्झर्लंडला जाताना सोबत छोटा ड्रोन नेता येईल का?

प्रश्नकर्ता: द्राक्षमांडव (तासगाव, जि. सांगली)

नमस्कार. माझी मुलगी आणि जावई जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतात. यंदा एप्रिलची खरड छाटणी आणि त्यानंतरची धावपळ उरकली, की आम्ही उभयता पाच आठवड्यांसाठी त्यांच्याकडे जाणार आहोत आणि त्यांतले सहा दिवस स्वित्झर्लंडमध्ये काढण्याचा बेत आहे. माझ्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये रीतसर पावती घेऊन विकत घेतलेला, खोक्यावर २४९ ग्रॅम असे वजन छापलेला, कॅमेऱ्याचा छोटा ड्रोन आहे. बागेत कोणत्या ओळीत फुटवा विरळ आला आहे, पाणी कुठे कमी पोहोचते आहे, हे मांडवाखालून फिरताना कळत नाही ते वरून चटकन कळते, म्हणून तो मी घेतला आणि आता त्याची सवयच झाली आहे.

श्टुटगार्टच्या परिसरात नेकार नदीच्या काठी उभ्या चढांवर दगडी बांध घालून लावलेल्या द्राक्षबागा आहेत. मुलीने त्यांची छायाचित्रे पाठवल्यापासून त्या बागा वरून चित्रित कराव्यात आणि इथल्या बागायतदार मित्रांना दाखवाव्यात, असे मनात घोळते आहे. अडचण अशी, की एका नातेवाइकांच्या मते अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला जगात कुठेच नियम लागू नाहीत, तर दुसऱ्यांच्या मते ड्रोन दिसला की विमानतळावरच काढून घेतात. दोघेही सारख्याच खात्रीने सांगतात, म्हणून इथे विचारतो आहे. इथली कागदपत्रे तिथे चालतात का? बॅटऱ्या कशा न्याव्यात? शिवाय साताऱ्यात शिकणाऱ्या पुतण्याने येताना तिकडून एक मोठा ड्रोन आणण्याची गळ घातली आहे, तो आणता येईल का? आमचा प्रवास मुंबईहून दुबईमार्गे आहे.

उत्तर १: कृष्णाकाठ (मूळ सांगली, सध्या जर्मनी)

काका, तुमच्या दोन्ही नातेवाइकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. युरोपीय संघात ३१ डिसेंबर २०२० पासून सर्व सदस्य देशांना एकच ड्रोन नियमावली लागू झाली आणि स्वित्झर्लंडनेही ती १ जानेवारी २०२३ पासून स्वीकारली. त्यामुळे तुमच्या दोन्ही देशांचा पाया एकच आहे. २५० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या ड्रोनला या नियमावलीत सूट आहे ती परीक्षेची, नोंदणीची नव्हे. ड्रोन कितीही हलका असला, तरी त्यावर माणसांची ओळख पटेल असे चित्रण करू शकणारा कॅमेरा असेल आणि तो मुलांचे खेळणे म्हणून विकलेला नसेल, तर चालवणाऱ्याला आपली नोंदणी करावीच लागते. हा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून निसटतो, कारण लक्ष सगळे वजनाकडे असते आणि कायद्याचे लक्ष कॅमेऱ्याकडे.

युरोपबाहेरच्या माणसाने ज्या देशात प्रथम ड्रोन उडवायचा आहे, त्या देशात नोंदणी करायची असते. तुमच्या बाबतीत तो देश जर्मनी, आणि तिथल्या विमान वाहतूक खात्याच्या संकेतस्थळावर ती ऑनलाइन होते. भारतातील नोंदणी इथे गृहीत धरली जात नाही. नोंदणी ड्रोनची नसून चालवणाऱ्या जबाबदार व्यक्तीची असते, त्यामुळे एकाच्या नावावर तीन ड्रोन असले तरी क्रमांक एकच मिळतो आणि तोच तिन्हींवर चिकटवायचा असतो. जर्मनीत मिळालेला हा क्रमांक स्वित्झर्लंडमध्येही चालतो, तिथे पुन्हा अर्ज करावा लागत नाही. क्रमांकाच्या शेवटी एक आडवी रेघ आणि तिच्यानंतर तीन अक्षरे येतात. ती तीन अक्षरे गुप्त असतात, ड्रोनवर लिहायची नसतात. मी स्वतः पहिल्या वेळी सगळा क्रमांक ठळक अक्षरांत छापून चिकटवला होता आणि नवऱ्याने दाखवल्यावर नखाने खरवडून काढला.

यापुढची पायरी विम्याची. जर्मनीत ड्रोन कितीही हलका असला तरी त्यापासून दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे आणि नोंदणी करतानाच त्याचा तपशील विचारला जातो. प्रवासाला निघताना आपण जो विमा काढतो त्यात आजारपण आणि हरवलेले सामान असते. ड्रोनचा उल्लेख पॉलिसीत शब्दशः आहे का, हे वाचूनच ठरवावे. इथे बहुतेक कुटुंबांकडे वैयक्तिक जबाबदारीचा विमा असतो आणि काही पॉलिसींमध्ये छोटा ड्रोन धरलेला असतो, तेव्हा मुलीला तिची पॉलिसी काढून बघायला सांगा. कायद्यात ड्रोनची जबाबदारी घेणारा आणि प्रत्यक्ष उडवणारा हे दोघे वेगळे असू शकतात. मुलीने आपल्या नावावर नोंदणी व विमा घेतला आणि तुम्ही तिच्या वतीने उडवलात, तर ते नियमात बसते. मात्र पाहुणा उडवत असताना तो विमा लागू होतो का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे, आणि काही चूक झाली तर पत्र तिच्या दारात येणार, हेही आधीच बोलून ठेवावे.

तुमचा ड्रोन २०२१ चा असल्यामुळे त्यावर हल्लीच्या ड्रोनवर असतो तसा वर्गाचा शिक्का (ड्रोन युरोपीय नियमांतल्या कोणत्या वर्गात बसतो ते दाखवणारी खूण) नसेल. तरीही १ जानेवारी २०२४ पूर्वी बाजारात आलेल्या अडीचशे ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला उडवण्याची मुभा कायम ठेवलेली आहे, त्यामुळे त्याची काळजी नको.

आता तुमच्या नेकारकाठच्या बागांविषयी, कारण खरी मेख तिथे आहे. नेकार ही जर्मनीत केंद्र सरकारच्या अखत्यारीतील जलमार्ग असलेली नदी आहे, तिच्यातून मालवाहू बोटी जातात. अशा जलमार्गांपासून, तसेच केंद्रीय महामार्ग आणि रेल्वेमार्गांपासून सर्वसाधारणपणे शंभर मीटरचे अंतर राखावे लागते. काही अटींवर त्यात सवलत मिळते, पण पाहुण्याने त्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे. दरीत नदी, नदीला लागून रस्ता, रस्त्याला लागून रूळ आणि त्याच्यावर बाग अशी रचना असली, की बागेचा खालचा भाग आपोआप हातातून जातो. निसर्गसंरक्षित क्षेत्रे वेगळी, श्टुटगार्टच्या विमानतळाभोवतालचे नियंत्रित क्षेत्र वेगळे, आणि लोकांच्या घरांवरून कॅमेरा नेणे मालकाच्या संमतीशिवाय सहसा चालत नाही. हे सगळे सरकारी नकाशावर रंगवलेले दिसते. नकाशाचे नाव ‘डिपुल’. जाण्याच्या आदल्या रात्री आणि उडवण्याच्या सकाळी असा दोनदा तो उघडा. बागमालकाला भेटून परवानगी घेतलीत तर उत्तमच. तासगावचा बागायतदार आहे असे सांगितलेत, तर ड्रोन बाजूला राहील आणि छाटणीवरच गप्पा रंगतील.

उत्तर २: अजिंक्यतारा फोटो (सातारा)

मी लग्नसमारंभांचे चित्रीकरण करतो आणि गेली सात-आठ वर्षे ड्रोन वापरतो. वरच्या उत्तरात उडवण्याचे नियम चांगले आले आहेत. मी त्याच्या आधीचे आणि नंतरचे, म्हणजे विमानतळावरचे सांगतो. अनुभवाने सांगायचे, तर माणसे अडकतात ती आकाशात कमी आणि सामानाच्या पट्ट्याजवळ जास्त.

सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत ठेवता येत नाहीत, त्या केबिनमध्ये हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. हा नियम कुणा एका विमान कंपनीचा नसून जगभर पाळला जातो. मर्यादा वॉट-तासांत मोजतात. बॅटरीवर लिहिलेल्या व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणले की आकडा मिळतो. उदाहरणार्थ ७.७ व्होल्ट आणि २२५० मिलिअँपिअर-तास म्हणजे २.२५ अँपिअर-तास, यांचा गुणाकार साधारण १७.३ वॉट-तास. शंभरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, शंभर ते एकशे साठपर्यंत विमान कंपनीची संमती लागते आणि अशा सुट्या दोनच नेता येतात, त्याहून मोठी बॅटरी प्रवाशाला नेताच येत नाही. तुमच्या ड्रोनच्या बॅटऱ्या शंभराच्या खूप आत असतील. प्रत्येक बॅटरीची धातूची टोके चिकटपट्टीने झाका किंवा बॅटऱ्या वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, म्हणजे किल्ली-नाण्यांना लागून शॉर्ट होणार नाहीत.

मी पहिल्या परदेशवारीत हेच चुकलो. ड्रोनची पेटी नीट बसते म्हणून तीन बॅटऱ्यांसकट ती मोठ्या बॅगेत कोंबली, वर बायकोने मेतकुटाचे आणि शेंगदाण्याच्या चटणीचे डबे लावले. विमानात बसायची वेळ झाली आणि माझ्या नावाचा पुकारा झाला. खाली एका खोलीत बॅग उघडून द्यावी लागली, डबे फरशीवर मांडून पेटीपर्यंत पोहोचेस्तोवर घाम फुटला, आणि हात पुसायला काही नसल्यामुळे चटणीचा तेलकट अंगठा तिन्ही बॅटऱ्यांवर उमटला. चूक सर्वस्वी माझी होती.

तुमच्या बॅटऱ्या २०२१ च्या आहेत, म्हणून एक गोष्ट आजच तपासा. बॅटरी सपाट टेबलावर ठेवा. ती डुलली, किंवा ड्रोनच्या खाचेत पूर्वीसारखी सहज बसली नाही, तर ती फुगलेली आहे. फुगलेली किंवा खराब झालेली बॅटरी विमानात नेण्यास मनाई आहे आणि ती घरी चार्ज करणेही धोक्याचे आहे. खुद्द ड्रोनबद्दल सांगायचे, तर काही विमान कंपन्या तो केबिनमध्ये घेऊ देत नाहीत, चेक-इनमध्येच टाकायला लावतात. दुबईला विमान बदलणार असल्यामुळे तुमच्या कंपनीचा नियम तिच्या संकेतस्थळावर वाचून त्याची प्रत जवळ ठेवा. अशा वेळी ड्रोन बॅटरी काढून मोठ्या बॅगेत आणि बॅटऱ्या हातात, अशी फोड करावी.

आता पुतण्याच्या ड्रोनबद्दल. कृपया आणू नका. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोन बाहेरून भारतात आणण्यावर बंदी आहे. सुटे भाग जोडून ड्रोन होईल अशा संचावरही ती आहे. संरक्षण, सुरक्षा आणि संशोधन यांसाठीच अपवाद ठेवलेला आहे आणि तोही परवानगी घेऊन. हौसेसाठी, भेट म्हणून, जुना म्हणून किंवा वापरलेला म्हणून असा कोणताही अपवाद प्रवाशाला नाही. शुल्क भरून सुटेल असे पुतण्याला वाटत असेल, तर शुल्क हे आणायला मुभा असलेल्या वस्तूंवर भरायचे असते.

आणि म्हणूनच तुमच्या स्वतःच्या ड्रोनलाही परतताना प्रश्न विचारला जाऊ शकतो. तो इथूनच गेला होता, हे तुम्हाला दाखवता आले पाहिजे. त्यासाठी मुंबईहून निघताना कस्टमच्या अधिकाऱ्यांकडे ड्रोन दाखवून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्यावे. त्यात वस्तूचे वर्णन आणि अनुक्रमांक नोंदवतात, आणि परत येताना तो कागद दाखवला की वस्तू पूर्वीचीच असल्याचे सिद्ध होते. मोठी बॅग विमान कंपनीच्या ताब्यात देण्यापूर्वी हे काम करायचे असते, कारण अधिकाऱ्यांना वस्तू प्रत्यक्ष बघायची असते. तुमची पावती बंदीच्या आधीची आहे ही फार मोठी जमेची बाजू आहे. मूळ प्रत न्या आणि तिचा फोटो मोबाइलमध्येही ठेवा.

प्रश्नकर्ता: द्राक्षमांडव

दोघांचेही मनापासून आभार. पुतण्याला आजच फोन करून नाही म्हणून सांगितले. तो थोडा वेळ घुश्शात होता, पण बंदीची तारीख सांगितल्यावर गप्प झाला. तीन बॅटऱ्या टेबलावर ठेवून पाहिल्या, त्यांतली एक खरोखरच डुलते आहे.

वजनाची शंका मात्र स्वतःच फेडून घेतली. तासगावात आमचे ओळखीचे सराफ आहेत, त्यांच्या काट्यावर ड्रोन ठेवला. नुसता ड्रोन, बॅटरी आणि कार्डासह, २४८.६ ग्रॅम भरला. मग पंख्यांभोवती बसवायची प्लास्टिकची कडी लावली, कारण मांडवाच्या तारांजवळ मी ती नेहमी लावतो, तर काटा तीनशेच्या पुढे गेला. सराफ म्हणाले, सोन्यात एवढी घट-वाढ निघाली असती तर मी दुकान बंद केले असते. तेव्हा विचारायचे असे, की वजन नुसत्या ड्रोनचे धरतात की कड्यांसह?

उत्तर ३: कृष्णाकाठ

काका, उड्डाणाच्या क्षणी ड्रोनवर जे काही असेल त्या सर्वांसह. कडी, भिंगापुढचा काळा फिल्टर, रात्रीचा दिवा, इतकेच काय नोंदणीचा कागदही. कड्यांसह तुमचा ड्रोन अडीचशेच्या वर्गातून बाहेर पडतो आणि मग वर्गाचा शिक्का नसलेल्या जुन्या ड्रोनला वस्ती, बाजार, उद्योग आणि करमणुकीच्या जागांपासून दीडशे मीटर दूर राहावे लागते, शिवाय चाळीस प्रश्नांची ऑनलाइन परीक्षाही द्यावी लागते. तेव्हा कडी घरीच ठेवा. काही छोट्या ड्रोनना जास्त वेळ उडणारी जाड बॅटरी मिळते, तिनेही हाच घोटाळा होतो. आणखी एक बारकावा असा, की भारतात सर्वांत छोटा वर्ग २५० ग्रॅमपर्यंतचा, म्हणजे २५० धरून आहे. युरोपात तो २५० पेक्षा कमी असा आहे.

उत्तर ४: घाटवाटा (सातारा)

स्वित्झर्लंडसाठी उंचीची एक गोष्ट जोडतो, कारण तिथे डोंगर आहेत आणि आपल्याकडच्या माणसाची चूक नेमकी डोंगरातच होते. मर्यादा १२० मीटरची आहे, पण ती ड्रोनला त्या क्षणी सर्वांत जवळ जी जमीन आहे तिच्यापासून मोजतात, तुम्ही उभे आहात तिथून नव्हे. रिमोटच्या पडद्यावर दिसणारा आकडा मात्र उड्डाणाच्या जागेपासूनचा असतो. समजा, तुम्ही सज्जनगडाच्या कड्यावर उभे आहात आणि ड्रोन वीस मीटर वर घेऊन सरळ परळीच्या बाजूला पुढे नेलात. पडद्यावर वीसच दिसेल, पण कडा संपताच खालची जमीन शेकडो फूट खोल गेलेली असते आणि ड्रोन कड्यापासून लांब गेला, की उंचीच्या बटणाला हातही न लावता मर्यादा ओलांडलेली असते. लाउटरब्रुनेनसारख्या उभ्या भिंतींच्या दरीत हेच घडते, आणि तिथे त्याच हवेत पॅराग्लायडर आणि हेलिकॉप्टर असतात. कड्यावरून खोऱ्याकडे नेण्याऐवजी खालून उताराला समांतर वर चढवावा, म्हणजे जमीन ड्रोनबरोबर वर येत राहते. ड्रोन सतत नुसत्या डोळ्यांनी दिसला पाहिजे ही अट आहेच. चष्म्याचा नंबर वाढला असेल तर जाण्यापूर्वी तपासून घ्यावा, हे मी स्वतःच्या उदाहरणावरून सांगतो.

तिथल्या विमान वाहतूक खात्याचा नकाशा वेगळा आहे. विमानतळांचा परिसर आणि वन्यप्राण्यांसाठी राखलेली क्षेत्रे त्यावर दिसतात. विमा तिथे २५० ग्रॅम आणि त्यापुढच्या ड्रोनला सक्तीचा आहे. ॲपने अडवले नाही म्हणजे परवानगी मिळाली, असे कुठेही समजू नये.

हा धागा वाचून दुसरे कुणी दुसऱ्या देशांना निघाले असेल, तर युरोपचा हिशेब तिथे लावू नये. जपानमध्ये २० जून २०२२ पासून १०० ग्रॅम आणि त्यापुढच्या प्रत्येक ड्रोनची नोंदणी लागते, पर्यटकालाही. ब्रिटनमध्येही १ जानेवारी २०२६ पासून कॅमेऱ्याच्या ड्रोनसाठी हीच शंभर ग्रॅमची रेषा आली आहे, त्यामुळे २४९ ग्रॅमचा अभिमान तिथे उपयोगाचा नाही. शिवाय युरोपीय संघाचा नोंदणी क्रमांक लंडनला चालत नाही. अमेरिकेत हौसेने उडवणाऱ्यांना अडीचशे ग्रॅमपर्यंत नोंदणी लागत नसली तरी छोटी मोफत चाचणी द्यावी लागते, आणि तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून ड्रोनला मनाई आहे. इजिप्त आणि मोरोक्को इथे पर्यटकाने ड्रोन नेऊच नये. मोरोक्कोत तो देशात आणण्यावरच बंदी आहे आणि इजिप्तमध्ये संरक्षण खात्याची परवानगी लागते. थायलंडने तर जुलै २०२५ मध्ये कंबोडियाच्या सीमेवरील संघर्षामुळे देशभरातली उड्डाणे एका आदेशाने थांबवली होती. तिकीट काढताना वाचलेला नियम निघताना तोच असेल असे धरू नये.

प्रश्नकर्ता: द्राक्षमांडव

सविस्तर उत्तरांबद्दल सर्वांचा ऋणी आहे. मुलीने आज तिच्या विमा कंपनीला पत्र लिहिले; उत्तर आले की नोंदणी तिच्या नावाने करायची की माझ्या, ते ठरवू. कडी कपाटात ठेवली. एवढेच विचारायचे राहिले, की एक्स्पोर्ट सर्टिफिकेटसाठी विमानतळावर किती आधी पोहोचावे आणि सोबत काय काय असावे?

उत्तर ५: अजिंक्यतारा फोटो

नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचा. मूळ पावती, पासपोर्ट, तिकीट, ड्रोन आणि त्याचा अनुक्रमांक वाचता येईल अशी सोय एवढे जवळ असू द्या. तो क्रमांक बहुतेक छोट्या ड्रोनमध्ये बॅटरीच्या खाचेत बारीक अक्षरांत असतो, त्यामुळे घरीच भिंगाने वाचून कागदावर उतरवा आणि पावतीवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते बघा. माझ्या एका ड्रोनच्या पावतीवर दुकानदाराने एक आकडा चुकवला होता आणि ते मला रांगेत उभे राहिल्यावर कळले. डुलणारी बॅटरी मात्र घरात ठेवू नका. कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, आणि तोवर ती घराबाहेर, वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात असू द्या.